चूक झाली असेल तर कळवा

डॉक्टरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे कंपन्यांच्या माणसांनी दिलेली पेनं आणि दुसरी म्हणजे स्वतःच्या फजितीचे किस्से. पेनं कुणी ना कुणी उचलून नेतं. किस्से मात्र तसेच पडून राहतात, कारण ते सांगायची सोय नसते! चार डॉक्टर एकत्र जमले की प्रत्येक जण 'दुसऱ्याने चुकवलेलं निदान मी कसं पकडलं' हेच रंगवून सांगतो. पंचवीस वर्षं मीही तेच सांगत आलो. आता एवढी चुकलेली निदानं जर पकडली गेली, तर ती मुळात चुकवली कुणी, हे पनवेलमध्ये आजवर कुणीही कबूल केलेलं नाही.

म्हणून म्हटलं, आपणच सुरुवात करावी.

माझा दवाखाना जुन्या पनवेलमध्ये. बाहेर दोन बाकडी, आत एक टेबल, मध्ये एक दार. ते दार कधीच नीट लागत नाही. बाहेर सुलभाताई बसतात. नावं लिहून घेणं, फाइल शोधणं, गोळ्यांच्या पुड्या बांधणं आणि मला वेळेवर गप्प करणं, ही त्यांची कामं. गेली अठरा वर्षं त्या ती चोख करत आहेत.

माझी मुलगी मुक्ता डॉक्टर झाली, पुढचं शिकतेय. सुट्टीला घरी आली असताना जेवता जेवता तिने विचारलं, "बाबा, तुमच्या दवाखान्यात पेशंट सेफ्टी इन्सिडंट्स कसे ओळखता?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे आपल्या हातून पेशंटला इजा झाली, किंवा होता होता राहिली, अशा घटना."

"आमच्याकडे तसलं काही होत नाही," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

"होत नाही, की कळत नाही?"

मला राग आला. पण घास तोंडात होता, त्यामुळे शोभेल असं उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसली. मी ठरवलं, आज पोरीला दाखवू या अनुभव म्हणजे काय असतो ते!

* * *

पहिलंच जोडपं आलं विचुंब्याचं. नवरा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला, बायको भिंतीकडच्या खुर्चीत.

"काय होतंय?"

"दोन दिस ताप हाय," नवरा म्हणाला.

"थंडी वाजते?"

"वाजते ना. दातांवर दात."

"जेवण?"

"काय नाय. नुसती पेज."

मी त्याची जीभ बघितली, घसा बघितला. शर्ट वर करायला सांगितला, त्याने केला. जोरात श्वास घ्या म्हटलं, त्याने घेतला. पोट दाबून बघितलं. थर्मामीटर लावला तर ताप नव्हता, पण उतरला असेल आत्ताच, असं मी मुक्ताकडे बघून समजावून सांगितलं. "ताप येतो-जातो. त्यात पेशंटची हिस्टरी महत्त्वाची असते." मग इंजेक्शन भरलं. त्याने मुकाट्याने बाही वर केली.

तेवढ्यात काहीतरी आठवल्यासारखं तो म्हणाला, "डॉक्टर, माझं झालं का हिला पन बघा. ताप तिला हाय."

मी सुई हवेत धरून त्या बाईंकडे बघितलं. ताप चढून त्यांचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, आधी त्यांचं उरकून घेताय."

मुक्ता खाली मान घालून लिहीत होती. दुपारी एकपर्यंत तिने फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरल्या. पाठीमागची बाजू दाखवू नको, असं मीच तिला सांगितलं.

* * *

सुट्टी संपवून जाताना तिने बजावलं, "एक वही करा. जे चुकलं, जे चुकता चुकता राहिलं, ते त्याच दिवशी लिहा. कुणी चुकलं यापेक्षा कसं चुकलं हे महत्त्वाचं."

सुलभाताईंनी नवी कोरी वही आणली, पहिल्या पानावर 'श्री' काढला आणि हळदकुंकू वाहिलं.

"अहो, ही चुकांची वही आहे!"

"म्हणून काय झालं? सुरुवात शुभच करायची असते."

आठवड्याने मी वही उघडली. सुंदर अक्षरात सोळा नोंदी होत्या, आणि सोळाच्या सोळा माझ्या! 'डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला न लावता छाती तपासली.' 'डॉक्टरांनी पेशंटशी फोनवर बोलताना दुसऱ्या पेशंटला मान हलवली, तो घरी गेला.' 'डॉक्टरांनी साखरेचा चहा दुसऱ्यांदा घेतला. त्यांची स्वतःची शुगर बॉर्डरवर आहे. वहिनींना कळवले.'

मी विचारलं, "सुलभाताई, तुमची एकही चूक नाही यात?"

"कशी असेल? मी दिवसभर तुमच्याकडे लक्ष ठेवून होते ना!"

* * *

आता सांगतो ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

मध्यंतरी अचानक माझ्या सगळ्या पेशंटांचं बीपी वाढायला लागलं. कधी नव्हे ते तरुण मुलांचंसुद्धा! कंपनीचा माणूस औषधांची माहिती द्यायला आला, गंमत म्हणून त्याचं बघितलं, त्याचंही जास्त. पाण्याचे जार टाकणारा आला, त्याचंही जास्त. मला वाटलं, आपल्याला काहीतरी मोठं सापडलंय. न्हावा शेव्याच्या कंटेनरचं ट्रॅफिक, सगळीकडची खोदकामं, नव्या टॉवरांची धूळ, माणसांची धावपळ! ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळात मी या विषयावर चक्क भाषण ठोकलं. 'बदलतं पनवेल आणि वाढता रक्तदाब.' टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ मिळालं.

त्यानंतरच्या सोमवारी बंदरावर मशिनं दुरुस्त करून रिटायर झालेले एक गृहस्थ आले. मी बीपीचं मशिन टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या हाताला पट्टा बांधायला पुढे झालो. त्यांनी चष्मा वर सरकवला, डायलकडे निरखून बघितलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "डॉक्टर, पट्टा अजून कुणालाच बांधलेला नाही. मग काटा वीसवर कसा?"

मी डायलवर टिचकी मारली, काटा जागचा हलला नाही. ते मशिन कधीतरी खाली पडलं होतं. काटा शून्यावर यायचाच बंद झाला होता. म्हणजे पनवेलचं काही वाढलं नव्हतं, माझंच मशिन वीसने पुढे होतं! आणि त्या भरवशावर मी कित्येकांच्या गोळ्या वाढवल्या होत्या, काहींना नव्याने सुरू केल्या होत्या. एक काकू न्हाणीघरात चक्कर येऊन बसल्या होत्या, तेव्हा मीच त्यांना 'उपास कमी करा' म्हणून झापलं होतं. नशिबाने त्यांना काही लागलं नव्हतं. पण लागलं असतं तर? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सुलभाताईंनी फाइली काढल्या आणि मी एकेकाला फोन करून बोलावलं. नवं मशिन आणलं, सगळ्यांचं परत तपासलं. बऱ्याच जणांच्या गोळ्या बंद केल्या. प्रत्येकाची माफी मागितली. मला वाटलं, लोक चिडतील, दवाखाना बदलतील.

नवीन पनवेलच्या एक जोशीकाकू तेवढ्या चिडल्या. म्हणाल्या, "म्हणजे मला बीपी नाहीच? असं कसं म्हणता डॉक्टर! तीन महिने सुनेला सांगतेय, मला टेन्शन देऊ नकोस म्हणून. आता घरी जाऊन काय सांगू?"

* * *

आपटा गावचे बाळारामकाका गुडघ्यासाठी आले होते. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "दुसरी काही औषधं चालू आहेत?"

"नाय."

दुखण्याची गोळी लिहून दिली, सुलभाताईंनी पुडी बांधली. काका उठले. पंखा बंद होता म्हणून त्यांनी बाह्या दुमडल्या, तर हातावर हे मोठाले काळेनिळे डाग!

"हे काय, काका?"

"काय नाय. जरा आपटलं का निलं पडतं."

"रक्त पातळ करायची गोळी घेता की काय?"

"हां, ती घेतो. हार्टच्या डॉक्टरनं दिलीय. दोन वरसं झाली."

मी खुर्चीतून उठलो आणि त्यांच्या हातातली पुडी काढूनच घेतली. रक्त पातळ करायच्या गोळीवर माझी ही दुखण्याची गोळी पडली असती, तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती. "अहो काका, मी मघाशी विचारलं ना, दुसरं औषध चालू आहे का म्हणून!"

काका शांतपणे म्हणाले, "तुमी औषध इचारलं. ही त रोजची गोली हाय. रोजचा भात खाल्ला हे कोनी सांगतं काय?"

चूक त्यांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. म्हणून मी प्रश्न बदलला. पुढच्या पेशंटला विचारलं, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडावाटे काय काय पोटात जातं, ते सगळं सांगा."

पुढचे होते बँकेतून रिटायर झालेले साठ्ये. त्यांनी पाय पसरले आणि कोमट पाण्यापासून सुरुवात केली. पाण्यात लिंबू किती, मध कुठला, मग रात्री भिजवलेले बदाम, ते सोलून की सालासकट. बाहेर बाकडी भरली. दारातून सुलभाताईंचं नाक दोनदा आत येऊन गेलं. नाश्त्यापर्यंत पोचायलाच दहा मिनिटं लागली. पण मी हट्टाने ऐकत राहिलो, आणि शेवटी मेव्हण्याने दिलेलं एक चूर्ण निघालं, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या निघाल्या आणि थायरॉइडची एक गोळी निघाली.

"तुम्हाला थायरॉइड कधी झाला?"

"मला नाही हो, बायकोला. डॉक्टरांनी तिचा डोस बदलला. आधीच्या उरल्या होत्या, फुकट कशाला घालवायच्या?"

* * *

मुक्ताने फोनवर सांगितलं, "पेशंटांनाच विचारा ना बाबा. त्यांना बरंच माहीत असतं." म्हणून मी दवाखान्यात एक पेटी लावली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आमच्याकडून चूक झाली असेल तर कळवा. नाव लिहायची गरज नाही.'

महिन्याने पेटी उघडली. विचुंब्यातल्या टू-बीएचकेची चार पत्रकं. एक हळदीचं आमंत्रण, सहकुटुंब. 'पंखा हळू आहे', अशा तीन चिठ्ठ्या. 'डॉक्टर देवमाणूस आहेत', अशा दोन. त्यातली एक सुलभाताईंच्या सुंदर अक्षरात होती! मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, "अगदीच रिकामी दिसत होती पेटी. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आणि तळाशी एक चिठ्ठी होती. 'मागच्या वेळी घरी जाऊन पुडी उघडली तर आत दुसऱ्या कोणाच्या तरी गोळ्या होत्या. पण त्यांनीही बरे वाटले. धन्यवाद.'

खाली नाव नाही!

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं गुप्तहेर झालो. कुणाच्या गोळ्या कुणाला गेल्या? आणि ज्याच्या गेल्या, त्याला काय मिळालं? सुलभाताईंची झोप उडाली. पुडीवर नुसतं आडनाव लिहायची आमची पद्धत, आणि पनवेलच्या आसपास पाटील, म्हात्रे, घरत किती, हे काय सांगायला हवं? येईल त्याला मी विचारत सुटलो, "मागच्या वेळच्या गोळ्यांनी बरं वाटलं का?"

सगळे म्हणाले, "हो, हो! एकदम!"

एवढे पेशंट बरे झालेले पाहून मी आयुष्यात कधी इतका घाबरलो नव्हतो. शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. त्या दिवसापासून पुडीवर पूर्ण नाव, गाव आणि वय येतं. आणि पुडी हातात देताना सुलभाताई प्रत्येकाला त्याचंच नाव विचारतात. अठरा वर्षांच्या ओळखीच्या माणसालासुद्धा. लोकांना वाटतं, बाईंना विसरायला होतंय.

* * *

रहीमचाचा टेलर. माझ्या शर्टांची मापं त्यांना पाठ आहेत. माझं पोट वाढलं की मला आधी त्यांच्याकडून कळतं. त्यांची शुगर तपासायला पाठवली होती. मी नुकताच आधुनिक झालो होतो. लॅबवाल्यांना सांगितलं होतं, कागद नको, रिपोर्ट मोबाइलवर पाठवा.

नऊ दिवसांनी चाचा हसत हसत आले. हातात बर्फीचा बॉक्स.

"डॉक्टरसाब, मुबारक हो! आपका फोन नै आया, तो मैं समझ गया रिपोर्ट अच्छा है. अल्लाह का शुक्र! गल्लीत सगळ्यांना दोन किलो बर्फी वाटली. मैंने भी खाया, घरवालों ने भी खाया. ये आपका हिस्सा."

मी बॉक्स बाजूला ठेवला आणि मोबाइल उघडला. गुलाबाची फुलं, उगवते सूर्य, सुविचार, शाळेच्या ग्रुपवरचं कुणाचं तरी वाढदिवसाचं भांडण. हे सगळं उपसत खाली खाली गेलो, तेव्हा नऊ दिवसांपूर्वीचा रहीमचाचांचा रिपोर्ट सापडला. शुगर तीनशे ऐंशी.

मी तो त्यांना दाखवला. चाचांनी आकडा वाचला, मग बॉक्सकडे बघितलं. "मतलब," ते हळूच म्हणाले, "ये आधी दाखवलं असतं तर दोन किलो बर्फी वाचली असती."

आता प्रत्येक तपासणीची नोंद एका रजिस्टरमध्ये होते. रिपोर्ट येऊन मी सही केल्याशिवाय सुलभाताई मला घरी सोडत नाहीत. शिवाय तपासणीला जाणाऱ्या प्रत्येकाला त्या भर दवाखान्यात खणखणीत आवाजात सांगतात, "आमचा फोन आला नाही तर सगळं चांगलं आहे असं समजू नका हं! डॉक्टर विसरले असं समजा!"

* * *

आणि हिराबाई.

मिठागरावर आयुष्य काढलेलं घर. आता मिठागरं गेली, मुलगा बिल्डर झाला, दारात दोन गाड्या. पण हिराबाई बीपीच्या गोळ्यांसाठी माझ्याकडेच येतात. गेल्या वर्षी मी त्यांना नवी गोळी सुरू केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना कोरडा खोकला लागला.

मी खोकल्याचं औषध दिलं. ते बदलून दुसरं दिलं. एक्स-रे काढला, स्वच्छ. थुंकी तपासली, काही नाही. मग मी ठरवलं, ही अ‍ॅलर्जी! आणि एकेक गोष्ट बंद करायला लागलो. घरासमोरचा रेतीचा ढीग हलवायला लावला. अगरबत्ती बंद. गच्चीवर सुकट वाळत घालायची नाही, जिचा त्यांना भारी अभिमान. मग मांजर. ती सात वर्षांची मांजर त्यांनी भाचीकडे उरणला पाठवून दिली. खोकला तसाच. शेवटी मी म्हटलं, नातवाला शेजारी झोपवू नका, लहान आहे, उगाच काही नको. तीन वर्षांचा तो पोरगा जन्मापासून आजीच्या कुशीत झोपणारा. सुनेने त्याला आत नेला. हिराबाई हॉलमध्ये एकट्या झोपायला लागल्या. दर वेळी त्या येऊन खोकत खोकत सांगायच्या, "बरा हाय, डॉक्टर. आता जरा कमी हाय."

एक दिवस मी एका नव्या पेशंटला तीच बीपीची गोळी लिहून देत होतो. पंचवीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप वाक्य निघालं, "या गोळीने काही जणांना कोरडा खोकला येतो. आला तर लगेच सांगा, आपण गोळी बदलू."

न लागणाऱ्या दारापलीकडून हिराबाईंच्या खोकल्याचा आवाज आला.

माझा हात लिहिता लिहिता थांबला. कॉलेजात तिसऱ्या वर्षाचा पोरगा हे सांगेल! मी त्यांची रेती हलवली, सुकट बंद केली, मांजर घालवली, नातू तोडला. फक्त मी लिहिलेला कागद तेवढा तपासला नाही.

त्याच दिवशी गोळी बदलली. तीन आठवड्यांनी हिराबाई आल्या. खोकल्याचा मागमूस नव्हता. नातू परत कुशीत झोपायला लागला होता आणि मांजर आणायला मुलगा उरणला गेला होता.

मी ठरवलं होतं, आडपडदा ठेवायचा नाही. म्हटलं, "हिराबाई, तुम्हाला एक सांगायचंय. तुमच्या खोकल्याला धूळ, मांजर काही कारण नव्हतं. तो माझ्या गोळीने झाला होता. चूक माझी होती. मला माफ करा."

"मला ठावं व्हतं," हिराबाई म्हणाल्या.

"काय?"

"गोली चालू केली आनि चार दिसात खोकला आला. मंग मला कलनार नाय काय?"

माझे डोळे भरून आले आणि आवाजही चढला. "अहो, मग सांगितलं का नाही मला? इतके महिने! मी एवढ्या चुका केल्या आणि तुम्ही..."

हिराबाई लगबगीने उठल्या, दार दोन्ही हातांनी रेटून घट्ट लावलं आणि माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "हलू बोला, डॉक्टर. बाहेर पेशंट बसलेत."